आयुर्विम्याचा अर्ज : प्रस्तावपत्रापासून विमापत्रापर्यंत

आयुर्विम्याचा करार पूर्ण करण्याची वेळ येते तेव्हा तो करणारी व्यक्ती बहुधा हयात नसते. अर्जात काय लिहिले होते, कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या समजुतीने दिले होते, ते उत्तर स्वतः लिहिले की प्रतिनिधीने, हे सांगणारे कोणी उरत नाही. उरतो तो सही केलेला कागद. मृत्युदाव्याची रक्कम कुटुंबाला मिळणार की नाही, हे अनेक प्रकरणांत त्या कागदावरून ठरते. त्यामुळे विमा कोणत्या कंपनीचा घ्यावा आणि हप्ता किती बसेल, या चर्चेला जेवढा वेळ दिला जातो तेवढाच वेळ अर्ज भरण्यालाही देणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात मात्र अर्जावर पेन्सिलीने फुल्या मारून सह्यांच्या जागा दाखविल्या जातात आणि पंधरा-वीस मिनिटांत काम उरकले जाते.

भारतात आयुर्विम्याचा आरंभ १८१८ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या ओरिएंटल कंपनीपासून मानला जातो. सुरुवातीच्या काळात भारतीयांच्या जीवनाचा विमा उतरविताना युरोपियनांपेक्षा जादा हप्ता आकारला जात असे. १८७० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या बॉम्बे म्युच्युअल संस्थेने भारतीयांचा विमा नेहमीच्या दराने उतरविण्यास सुरुवात केली. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढून या व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण करण्यात आले. त्या वेळी कार्यरत असलेल्या देशी व विदेशी मिळून २४५ विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. विमा नियामक व विकास प्राधिकरणाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाल्यानंतर २००० पासून खासगी कंपन्यांना पुन्हा या क्षेत्रात प्रवेश मिळाला. आज प्रतिनिधी, बँक, दलाल किंवा कंपनीचे संकेतस्थळ यांपैकी कोणत्याही मार्गाने अर्ज करता येतो. टपाल खात्याचा विमा तर १ फेब्रुवारी १८८४ पासून चालू आहे, आणि ग्रामीण रहिवाशांसाठी ग्रामीण टपाल जीवन विमा योजना १९९५ पासून उपलब्ध आहे.

अर्जापूर्वीचा विचार

अर्ज मागविण्यापूर्वी दोन गोष्टी निश्चित कराव्यात. पहिली, विम्याचा प्रकार. मुदत विम्यात हप्ता कमी असतो आणि ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाल्यासच रक्कम मिळते. मुदत संपेपर्यंत विमेदार हयात राहिल्यास साधारणपणे काहीच परत मिळत नाही. एंडोमेंट किंवा मनी बॅक प्रकारात बचतीचा भाग मोठा असतो, त्यामुळे तेवढ्याच संरक्षणासाठी हप्ता कितीतरी अधिक पडतो. युलिपमध्ये हप्त्याचा एक भाग भांडवल बाजाराशी निगडित निधीत गुंतविला जातो आणि त्याची जोखीम विमेदाराची असते. ‘पैसे बुडतात’ म्हणून मुदत विम्याकडे पाठ फिरविण्याची आपल्याकडे सवय आहे. तथापि ज्या घरात कमावणारी व्यक्ती एकच आहे, मुले लहान आहेत आणि घरकर्जाचे हप्ते चालू आहेत, त्या घराने पहिली पॉलिसी मुदत विम्याचीच घेणे शहाणपणाचे ठरते. बचतीचा विचार त्यानंतर करता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे विम्याची रक्कम. कुटुंबाचा वार्षिक खर्च, शिल्लक कर्ज, मुलांच्या शिक्षणाची राहिलेली वर्षे आणि आधीचा विमा यांचा हिशेब मांडूनच ती ठरवावी. वार्षिक उत्पन्नाच्या दहा ते पंधरा पट विमा असावा, असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. कंपन्याही वय व उत्पन्न पाहून या पटीला मर्यादा घालतात, म्हणजे हवा तेवढा विमा मागता येतो, परंतु मिळतोच असे नाही. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या गृहिणीला विमा देताना बहुतेक कंपन्या पतीचे उत्पन्न आणि पतीच्या नावावरील विमा विचारात घेतात. हप्त्याच्या बाबतीत अलीकडचा एक बदल लक्षात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर वस्तू व सेवा कर आकारला जात नाही. त्यापूर्वी मुदत विम्यावर तो १८ टक्के होता. जुन्या दरपत्रकावरून आकडे सांगितले जात असतील तर नवे दरपत्रक मागून घ्यावे.

ज्यांना मोठा विमा परवडत नाही, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. ९ मे २०१५ रोजी सुरू झालेल्या या योजनेत १८ ते ५० वर्षे वयाच्या, बँक किंवा टपाल बचत खाते असलेल्या व्यक्तीला सहभागी होता येते. वार्षिक हप्ता १ जून २०२२ पासून ४३६ रुपये असून तो खात्यातून परस्पर वळता होतो, आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असे मोजले जाते. हप्ता भरत राहिल्यास ५५ वर्षे वयापर्यंत संरक्षण मिळते. नव्याने सहभागी झालेल्या व्यक्तीचा पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने मृत्यू झाल्यास रक्कम देय नसते. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात पुरेशी शिल्लक ठेवणे एवढीच दक्षता येथे घ्यावयाची असते, आणि नेमकी तीच अनेकांकडून राहून जाते.

कागदपत्रे

ओळख, पत्ता, वय आणि उत्पन्न या चार गोष्टींचा पुरावा द्यावा लागतो. पॅन कार्ड, आधार, पारपत्र, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यांपैकी योग्य ती कागदपत्रे, अलीकडील छायाचित्र, नोकरदारांसाठी पगारपत्रक आणि व्यावसायिकांसाठी प्राप्तिकर विवरणपत्र, तसेच हप्त्यासाठी व पुढे दाव्याची रक्कम जमा होण्यासाठी बँक खात्याचा तपशील, असे सर्वसाधारण स्वरूप असते.

कागदपत्रांची संख्या फारशी अडचणीची नसते, त्यांवरील नावे मात्र असतात. आपल्याकडे नावाच्या मध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहितात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पॅन कार्डावर शेवटी आणि आधारवर मधले नावच नाही, असे सर्रास आढळते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा आणि बाकी सर्व सासरच्या नावाचे असते. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव किंवा दिल्ली येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत तर स्थानिक पद्धतीने लिहिलेले आणखी एक नाव भर घालते. अर्ज करतेवेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची नोंद जोडून ही विसंगती दूर करावी. तेव्हा ते दोन दिवसांचे काम असते. दाव्याच्या वेळी तीच विसंगती घरच्यांना प्रतिज्ञापत्रे करीत फिरावयास लावते.

वयाच्या पुराव्याबाबत कायदा स्पष्ट आहे. विमा कंपनीला वयाचा पुरावा केव्हाही मागता येतो, आणि वय चुकीचे नोंदविल्याचे पुढे सिद्ध झाल्यास त्यानुसार अटी बदलता येतात. शाळेत घालताना वर्ष-दीड वर्ष कमी-अधिक लावलेल्या जन्मतारखा मागच्या पिढीत पुष्कळ आहेत. अशा वेळी सर्व सरकारी कागदपत्रांवर असलेली एकच तारीख द्यावी.

प्रश्नांची उत्तरे

प्रस्तावपत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे प्रकृती, सवयी, कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास आणि आधीचा विमा यांविषयीचे प्रश्न. विमा करार हा परम विश्वासाचा करार मानला जातो. अर्जदाराच्या प्रकृतीची माहिती त्याला असते, कंपनीला नसते. म्हणून जोखमीशी संबंधित असलेली आणि विचारलेली प्रत्येक गोष्ट खरी सांगण्याचे बंधन त्याच्यावर येते. अनेक दावे नाकारले जातात ते अशा उत्तरांमुळे, जी लिहिताना लिहिणाऱ्याला खोटी वाटतही नसतात.

उदाहरणार्थ, ‘आपणास मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे काय’ या प्रश्नावर कित्येक जण ‘नाही’ लिहितात, कारण गोळी चालू आहे आणि साखर ताब्यात आहे. औषधाने नियंत्रणात असलेला आजार हा आजारच असतो. चार वर्षांपूर्वी झालेली शस्त्रक्रिया, आयुर्वेदिक वा होमिओपॅथिक उपचार घेतलेले दुखणे, छातीत दुखले म्हणून काढलेला आणि ‘काही नाही’ असे निघालेला ईसीजी, यांविषयी विचारले असेल तर लिहावे. गेल्या पाच वर्षांत आठवड्याहून अधिक उपचार घ्यावे लागले होते काय, आजारपणामुळे कामावर गैरहजर राहावे लागले होते काय, असेही प्रश्न अर्जात असतात. या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी लक्ष देत नाही. दाव्याची चौकशी करताना कंपनी मात्र कार्यालयातील रजेचा अर्ज आणि त्यासोबतचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र पाहू शकते. रजा मिळावी म्हणून आणलेले प्रमाणपत्र कुटुंबाच्या अंगावर आल्याची उदाहरणे विमा व्यवसायात नवी नाहीत.

तंबाखूच्या प्रश्नाचेही असेच होते. बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ विडी-सिगारेट एवढाच असतो. तंबाखू-चुना, गुटखा, तपकीर आणि दात घासण्याची मशेरी हे सर्व तंबाखूचेच सेवन आहे. मशेरी लावणाऱ्या स्त्रिया तिला व्यसन समजत नाहीत आणि अर्जातही लिहीत नाहीत, परंतु लघवीच्या तपासणीत निकोटिनपासून शरीरात तयार होणारे कोटिनिन दिसून येते. तंबाखूचे सेवन मान्य केल्यास हप्ता वाढतो, ही गोष्ट खरी. लपविल्यास विमा रक्कमच धोक्यात येते.

कुटुंबाच्या इतिहासात आई, वडील व भावंडे यांची वये, प्रकृती, आणि निधन झाले असल्यास त्याचे कारण लिहावयाचे असते. कारण माहीत नसेल तर ‘वृद्धापकाळ’ असे ठोकून देण्यापेक्षा माहीत नसल्याचे लिहिणे योग्य. व्यवसायाच्या रकान्यात ‘नोकरी’ एवढा एकच शब्द पुरत नाही. खाणीत, समुद्रात, उंच बांधकामावर किंवा स्फोटकांशी संबंधित काम असेल तर तसा उल्लेख हवा.

आधीच्या विम्याचा तपशील हा एक स्वतंत्र विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल २०१९ रोजी दिलेल्या एका निकालातील अर्जदाराने दहा लाख रुपयांच्या मुदत विम्यासाठी अर्ज करताना, सुमारे दोनच महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीकडून घेतलेल्या सुमारे अकरा लाख रुपयांच्या विम्याचा उल्लेख केला नव्हता. काही महिन्यांत त्याचे निधन झाले. एवढी माहिती दडविणे कंपनीच्या निर्णयावर परिणाम करणारे होते, असे सांगून न्यायालयाने दावा नाकारण्याचा कंपनीचा निर्णय कायम ठेवला. अर्ज प्रतिनिधीने भरला होता, हा युक्तिवादही मान्य झाला नाही, कारण न वाचता सही केली तरी सही करणारा आपल्या उत्तरांना बांधलेला असतो. याउलट, फेब्रुवारी २०२५ मधील दुसऱ्या प्रकरणात अर्जदाराने चाळीस लाखांची मोठी पॉलिसी जाहीर केली होती आणि इतर लहान रकमांच्या पॉलिसी लिहावयाच्या राहिल्या होत्या. हे दडविणे महत्त्वाचे म्हणता येणार नाही, असे ठरवून न्यायालयाने रक्कम देण्याचा आदेश दिला. मृत्यूच्या कारणाशी संबंध नसलेले आणि जीवघेणे नसलेले मणक्याचे दुखणे न कळविल्याबद्दल दावा नाकारता येणार नाही, असाही निकाल २०१५ मध्ये देण्यात आला आहे. न्यायालये एकाच बाजूने झुकलेली नाहीत, हे यावरून दिसते. परंतु तेथवर पोहोचेपर्यंत कुटुंबाची कित्येक वर्षे खर्ची पडतात. जुनी, बंद पडलेली वा दुसऱ्या कंपनीने नाकारलेली पॉलिसीही, अर्जात विचारले असल्यास, लिहावी.

भाषा आणि सही

प्रस्तावपत्रे बहुधा इंग्रजीत असतात. राज्यघटनेने मान्यता दिलेल्या भाषांत ती परिस्थितीनुसार उपलब्ध करून देता येतात, म्हणून मराठी अर्ज आहे काय, हे आवर्जून विचारावे. अर्ज दुसऱ्याने भरला असेल किंवा अर्जदाराला अर्जाची भाषा येत नसेल, तर सर्व प्रश्न त्याला समजावून सांगितले व त्याने दिलेली उत्तरेच लिहिली, असे प्रतिज्ञापन समजावून सांगणाऱ्याने करावयाचे असते. इंग्रजी अर्जावर मराठीतून सही करणाऱ्यांनी या प्रतिज्ञापनाची जागा कोरी सोडू नये. अंगठ्याचा ठसा असल्यास कंपनीशी संबंध नसलेल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष घेण्याची प्रथा आहे. कोऱ्या अर्जावर सही करू नये, हे वेगळे सांगावयास नको, तरी ते अजूनही घडते.

ऑनलाईन अर्जात सहीची जागा मोबाइलवर येणारा संकेतांक घेतो. पॉलिसी देण्यापूर्वी कंपनीकडून दूरध्वनी किंवा व्हिडिओद्वारे माहितीची खातरजमा होते आणि ते संभाषण ध्वनिमुद्रित केले जाते. समोरचा माणूस भराभर वाचत असतो आणि ऐकणारा प्रत्येक वाक्याला ‘हो’ म्हणत जातो. भाषा समजत नसेल तर मराठीतून बोलणारी व्यक्ती मागावी आणि न समजलेल्या मुद्द्यावर थांबवावे.

योजनेची मुख्य वैशिष्ट्ये, वगळलेल्या गोष्टी आणि तक्रारीची व्यवस्था थोडक्यात सांगणारे ग्राहक माहितीपत्रक देणे नियामकाने २०२४ मध्ये बंधनकारक केले आहे. ते स्थानिक भाषेत मागता येते. आपल्या दलालीतून हप्त्यात सूट देण्याचे आमिष प्रतिनिधीने दाखविल्यास ते नाकारावे. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार अशी सूट देणे आणि घेणे या दोन्हींस मनाई आहे.

हप्ता, तपासणी आणि स्वीकृती

पैसे भरले म्हणजे विमा सुरू झाला, हा समज सर्वदूर आहे आणि तो महागात पडू शकतो. अर्ज हा केवळ प्रस्ताव असतो. कंपनीने तो स्वीकारून तसे कळविल्यानंतर करार होतो. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ मधील निकालाचा दाखला आजही दिला जातो. त्या प्रकरणात २७ डिसेंबर १९६० रोजी ५० हजार रुपयांच्या विम्याचा प्रस्ताव देण्यात आला. त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी झाली आणि पहिल्या हप्त्यापोटी दोन धनादेश देण्यात आले. एक लगेच वटला, दुसरा परत येत राहिला आणि अखेर ११ जानेवारी १९६१ रोजी वटला. दुसऱ्याच दिवशी, १२ जानेवारीस, अर्जदाराचे निधन झाले. हप्त्याची रक्कम घेऊन ठेवणे म्हणजे प्रस्ताव स्वीकारणे नव्हे, असे न्यायालयाने ठरविले आणि वारसांना विमा रक्कम मिळाली नाही. उलट बाजूने, हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही, असे विमा कायद्याचे कलम ६४ व्हीबी सांगते.

कंपनीकडे पैसे अडकून पडण्याची ही जुनी अडचण अलीकडे बऱ्याच प्रमाणात दूर झाली आहे. नियामकाच्या २०२४ मधील निर्देशांनुसार, ज्या योजनांत पैसे भरताच विमा सुरू होतो त्या वगळता, अर्जासोबत हप्त्याची रक्कम मागता येत नाही. अर्जदाराच्या संमतीने यूपीआयद्वारे बँक खात्यात रक्कम केवळ राखून ठेवण्याची ‘बीमा-आस्बा’ ही सुविधा कंपन्यांनी १ मार्च २०२५ पासून द्यावी, असेही ठरविण्यात आले. प्रस्ताव स्वीकारला गेला तरच रक्कम कंपनीकडे जाते, अन्यथा ती मोकळी होते. पैसे भरावयाचे ते कंपनीच्या नावाने आणि पावती घेऊनच. प्रतिनिधीच्या हाती दिलेला हप्ता त्याने वेळेत जमा केला नाही, तर तो कंपनीला मिळाला असे मानता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एका मृत्युदाव्यात स्पष्ट केले आहे. त्या प्रतिनिधीला हप्ते स्वीकारण्याचा अधिकारच नव्हता.

वय आणि विमा रक्कम यांनुसार कंपनी स्वखर्चाने वैद्यकीय तपासणी करविते. रक्त, लघवी, ईसीजी अशा चाचण्या असतात. बहुधा दहा-बारा तास उपाशी राहून जावे लागते, ओळखपत्र सोबत लागते. तपासणी झाली आणि डॉक्टरांना काही आढळले नाही, म्हणजे अर्जातील माहिती लपविल्याचा दोष धुऊन निघाला, असे होत नाही. त्यानंतर कंपनीत जोखमीचे मूल्यांकन होते आणि चारपैकी एक निर्णय येतो: प्रस्ताव आहे तसा मान्य, जादा हप्त्यासह किंवा बदललेल्या अटींवर मान्य, काही महिन्यांसाठी लांबणीवर, अथवा अमान्य. जादा हप्त्याचे पत्र आल्यास त्याला लेखी संमती देईपर्यंत करार होत नाही. हे पत्र आठवडे-आठवडे टेबलावर पडून राहते. हप्ता वाढला याचा राग समजण्यासारखा असला, तरी निर्णय ताबडतोब घ्यावा. दुसरीकडे अर्ज करावयाचा असेल तर तेथे ही गोष्टही सांगावी लागते.

नामनिर्देशन आणि १८७४ चा कायदा

विमा कायद्याच्या कलम ३९ नुसार अर्ज करतानाच नामनिर्देशन करता येते आणि पुढे केव्हाही बदलता येते. २०१५ मधील दुरुस्तीपूर्वी नामनिर्देशित व्यक्ती ही केवळ रक्कम स्वीकारणारी, कायदेशीर वारसांच्या वतीने सांभाळणारी मानली जात असे. आता आई-वडील, पती वा पत्नी किंवा मुले यांचे नामनिर्देशन केल्यास त्या रकमेवर सर्वसाधारणपणे त्यांचाच हक्क राहतो. अज्ञान मुलाचे नाव दिल्यास रक्कम स्वीकारणाऱ्या सज्ञान व्यक्तीची नेमणूकही त्याच वेळी करावी. अविवाहित असताना घेतलेल्या पॉलिसीवर आईचे किंवा भावाचे नाव असते आणि लग्नानंतर ते बदलावयाचे राहून जाते. त्यातून उद्भवणारे तंटे अनेक घरांना ठाऊक आहेत.

विवाहित पुरुषाला, विशेषतः व्यवसायासाठी कर्जे घेणाऱ्याला, आणखी एक मार्ग उपलब्ध आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १८७४ मधील असून त्याच्या कलम ६ खाली पत्नी, मुले किंवा दोघांच्याही लाभासाठी पॉलिसी घेता येते. अशी पॉलिसी हा त्यांच्यासाठीचा न्यास ठरतो. ती पतीच्या मालमत्तेत मोडत नाही आणि लाभार्थी हयात असेपर्यंत त्याच्या धनकोंना तिच्यावर हात ठेवता येत नाही. दुकान बुडाले, जामिनकी अंगावर आली, तरी ही रक्कम पत्नी-मुलांचीच राहते. मात्र ही निवड अर्ज करतानाच, त्यासाठीचे पुरवणीपत्र भरून करावी लागते. एकदा ठरलेले लाभार्थी नंतर मनाप्रमाणे बदलता येत नाहीत आणि त्या पॉलिसीवर स्वतःसाठी कर्जही काढता येत नाही. एवढी उपयुक्त तरतूद दीडशे वर्षे अस्तित्वात असून प्रतिनिधी ती क्वचितच सांगतात, कारण अर्जदार ती विचारत नाही.

विमापत्र हाती आल्यानंतर

१ एप्रिल २०२४ पासून पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिल्या जातात. छापील प्रत हवी असल्यास मागता येते. विमापत्र आल्याबरोबर नाव, जन्मतारीख, विमा रक्कम, मुदत, हप्ता भरण्याची वर्षे आणि नामनिर्देशन तपासावे. ‘पाच वर्षेच भरा’ असे सांगून पंधरा वर्षे हप्ता असलेली पॉलिसी माथी मारल्याच्या तक्रारी याच टप्प्यावर उघड होऊ शकतात. विमापत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ते नापसंत असल्यास परत करता येते. पूर्वी ही मुदत साधारणपणे १५ दिवसांची होती. झालेल्या काळाचा जोखमीचा हप्ता, तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी रक्कम परत मिळते. यालाच ‘फ्री लूक’ म्हणतात.

आपल्या प्रस्तावपत्राची प्रत विनामूल्य मिळणे हा विमेदाराचा हक्क आहे. ती सोबत आली नसेल तर मागून घ्यावी आणि उत्तरे पुन्हा वाचावीत. प्रतिनिधीने परस्पर ‘नाही’ची खूण केलेली आढळल्यास कंपनीला तत्काळ लेखी कळवावे. हप्ता थोडा वाढेल, परंतु त्या दुरुस्तीने पुढची अनिश्चितता संपते.

कलम ४५ येथे समजून घेणे आवश्यक आहे. २०१५ मध्ये दुरुस्त झालेल्या या कलमानुसार पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख किंवा पॉलिसीच्या पुनरुज्जीवनाची तारीख, यांपैकी जी शेवटची असेल तिच्यापासून तीन वर्षे उलटल्यानंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीच्या वैधतेवर आक्षेप घेता येत नाही. तीन वर्षांच्या आत महत्त्वाची माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारल्यास, फसवणूक सिद्ध झालेली नसेल तर, भरलेले हप्ते ९० दिवसांच्या आत परत करावे लागतात. दडविलेली माहिती जोखमीशी थेट संबंधित होती आणि ती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे दाखविण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. यातील पुनरुज्जीवनाचा मुद्दा फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मासिक हप्त्यासाठी १५ आणि इतर हप्त्यांसाठी ३० दिवसांची सवलत मुदत असते. ती उलटली की पॉलिसी खंडित होते, आणि ती पुन्हा चालू करताना प्रकृतीविषयी नव्याने प्रतिज्ञापन द्यावे लागते. दहा वर्षे नियमित चाललेल्या पॉलिसीचा तीन वर्षांचा काळ अशा वेळी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जातो, आणि मधल्या काळात जडलेला मधुमेह त्या प्रतिज्ञापनात लिहावाच लागतो.

अर्ज, हप्ता किंवा विमापत्र यांविषयी तक्रार असल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर, तसेच १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. नियामक स्वतः पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही, म्हणून त्याच्या नावाने असे दूरध्वनी आल्यास ते फसवणुकीचे समजावेत. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत आणि अन्य राज्यांतील वाचकांसाठी दिल्ली, भोपाळ, अहमदाबाद, बंगळूर, हैदराबाद आदी शहरांतही आहेत. लोकपालांकडे शुल्क लागत नाही, वकील चालत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या नुकसानभरपाईचा निवाडा ते देऊ शकतात. तक्रारीसोबत विमापत्राच्या प्रतीबरोबर प्रस्तावपत्राची प्रतही जोडावी.